नोंद शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचली पाहिजे

कागदावर जे लिहिलेले नाही ते घडलेच नाही, असा कचेरीचा न्याय असतो. हा न्याय आपल्या समाजाला फार जवळून ठाऊक आहे. आजोबा शाळेत गेले होते हे घरातल्या सगळ्यांना माहीत असते, गावातली चार म्हातारी माणसे तशी साक्षही देतात. पण शाळेचा उतारा हाती नसेल तर नातवाचा प्रवेश अडतो. उतारा शाळेत असतो, आणि शाळेची नोंद आता संगणकात असते. म्हणून त्या संगणकात काय चालते हे आपल्या घराघरांत थोडेफार तरी कळले पाहिजे, असे मला वाटते. जुन्या प्रोग्राममधील नोंदी नव्या प्रोग्राममध्ये नेणे आणि तो नवा प्रोग्राम कार्यालयातील प्रत्येक टेबलावरच्या संगणकात बसवणे, हा विषय वाचकांना रुक्ष वाटेल. परंतु त्यात किती घरांचे भवितव्य गुंतलेले असते हे मी स्वतः पाहिले आहे. तेच येथे सांगते.

मी अचलपुरात एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात १९९४ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. शाळेने शंभरी ओलांडली आहे. सापन आणि बिच्छन नद्यांच्या काठची, परतवाड्याची, चांदूर बाजारकडची आणि वर मेळघाटातली मुले येथे शिकून गेली. त्यांच्या नोंदी सांभाळणे हेच माझे आयुष्यभराचे काम झाले.

दाखल-खारीजचे मोल

शाळेत मूल दाखल झाले की त्याचे नाव, वडिलांचे नाव, धर्म, जात, जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख जनरल रजिस्टरात लिहितात. मूल शाळा सोडून गेले की त्याच ओळीत ती तारीख पडते. जुनी माणसे याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. लिहिताना ही ओळ किरकोळ वाटते. तिचे मोल पुढे पन्नास-साठ वर्षांनी कळते.

जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. याच दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्या तारखेपूर्वीचा, वाडवडिलांच्या जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्र देण्याचा आणि पडताळणीचा कायदा २००१ सालचा तेविसावा कायदा म्हणून लागू झाला. तेव्हापासून तर पडताळणीशिवाय शिक्षण नाही, नोकरी नाही आणि निवडणूकही नाही. आता विचार करा. १९५० पूर्वी आपल्या किती घरांत सातबारा होता? किती घरांत खरेदीखत होते? बहुतेकांकडे कागद म्हणून एकच गोष्ट असू शकते. आजोबा किंवा पणजोबा चार दिवस का होईना शाळेत गेले असतील, तर त्या शाळेच्या रजिस्टरातली ती एक ओळ. ज्यांना जमीन नव्हती त्यांची ती ओळ हीच जमीन.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्हे प्रायोगिक म्हणून निवडले. त्यात महाराष्ट्रातून आपल्या विदर्भातला वर्धा जिल्हा होता. तेथून सुरू झालेली वाट १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीच्या सातबाऱ्यापर्यंत आली. जमिनीच्या नोंदीसाठी सरकारने तीस वर्षे खर्ची घातली. शाळेच्या जुन्या नोंदींचे संगणकीकरण मात्र ज्या त्या शाळेने आपापल्या कुवतीप्रमाणे केले, कोणी केलेच नाही. आमच्या संस्थेने १९९६ साली केले.

काळ्या पडद्याचा प्रोग्राम

तो प्रोग्राम फॉक्सप्रो या भाषेत लिहिलेला होता. त्या काळी बँका, पतसंस्था, जिनिंग, शाळा, जिकडे तिकडे फॉक्सप्रोच असे. संगणकाचा पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरे. मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या पोटात बसवावे लागे. ते कार्ड बसले की त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. पहिल्यांदा ‘अचलपूर’ हा शब्द पडद्यावर उमटला तेव्हा आम्ही सगळे लिपिक उठून पाहायला गेलो होतो. पुढची तीन वर्षे रजिस्टरे समोर ठेवून नोंदी भरण्यात गेली. भारनियमनाचे दिवस होते. लाईट गेली की भरलेल्या नोंदींची सूची मोडायची आणि सकाळी पुन्हा बांधावी लागायची.

प्रोग्राम साधा होता, पण त्याने चांगली सेवा दिली. अडचण त्याच्या भोवतालच्या जगाने आणली. फॉक्सप्रो बनवणारी कंपनी १९९२ सालीच मायक्रोसॉफ्टने घेतली होती. त्याची पुढची आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो, हिचाही आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. नवीन संगणक आले त्यांत जिस्ट कार्ड बसवायची खाचच राहिली नाही. मग नव्या वर्षांच्या नोंदी दुसऱ्या एका फाईलमध्ये, विंडोजवरच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप होऊ लागल्या. म्हणजे जुन्या नोंदी एका लिपिसंकेतात आणि नव्या दुसऱ्याच. शेवटी ६४ बिटचे संगणक आले, आणि त्यांच्यावर डॉसचा जुना प्रोग्राम उघडेचना. अख्ख्या कार्यालयात एकच म्हातारा संगणक असा उरला ज्यावर जुनी नोंद दिसे. तो बंद पडला तर काय, या चिंतेने २०२२ साली संस्थेने एका खासगी कंपनीला काम दिले.

आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला हे काम समजावून सांगायला शकुंतलेचे उदाहरण पुरते. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला गाडी अडीच फुटी रुळावरची, आणि मूर्तिजापूरहून पुढे मुंबई-नागपूरचा मोठा रूळ. शकुंतलेचा डबा मोठ्या रुळावर चढत नसे. कापूस न्यायचा तर मूर्तिजापुरात माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. नोंदींचेही तेच. जुन्या प्रोग्रामचा डबा नव्या रुळावर जात नाही, एकेक नोंद उतरवून नव्या डब्यात भरावी लागते. उतरवताना काय सांडले, काय बदलले, हे पाहणारा माणूस त्या फलाटावर उभा असावा लागतो.

सात टेबले, सात तऱ्हा

कंपनीने नोंदी नव्या ठिकाणी नेल्या. एक मुख्य संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, त्यात सगळा साठा. आणि प्रत्येक टेबलावरच्या संगणकात एक छोटा प्रोग्राम, जो सर्व्हरला विचारून नोंद पडद्यावर आणतो. टेबलावरच्या अशा संगणकाला क्लायंट म्हणतात. आमच्याकडे असे सात होते. दोन खिडक्यांवर, एक माझ्याकडे, एक मुख्याध्यापकांच्या खोलीत, एक परीक्षा विभागात, एक शिष्यवृत्तीच्या टेबलावर आणि एक कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात.

कंपनीचा तरुण आला, सर्व्हरवर सगळे उत्तम चालते असे दाखवून, सही घेऊन निघू लागला. मी म्हटले, “भाऊ, सर्व्हर तर कपाटाच्या खोलीत आहे. उतारा मागायला आलेला माणूस खिडकीवर उभा राहतो. खिडकीवर चालते का ते पाहू.” मुलगा चांगला होता, थांबला. मग पुढचे दोन महिने जे उघडकीस येत गेले ते असे.

पहिली गोष्ट. त्याने छोट्या प्रोग्रामची एकच फाईल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून सातही संगणकांना तीच उघडायला लावली होती. एकाच वहीत सात जणांनी एकाच वेळी लिहावे तसा प्रकार. एकाने उघडली की दुसऱ्याला कुलूप, आणि मधेच लाईट गेली तर फाईलच मोडायची. उपाय सोपा होता. साठा एकच, पण प्रोग्रामची प्रत प्रत्येक संगणकात स्वतंत्र. ज्यांच्याकडे असा प्रोग्राम असेल त्यांनी ही गोष्ट आधी तपासावी.

दुसरी गोष्ट. काही संगणकांवर ६४ बिटचे ऑफिस होते, काहींवर ३२ बिटचे. एका मापासाठी बांधलेली फाईल दुसऱ्यावर उघडत नव्हती. शिवाय सर्व्हरशी बोलण्यासाठी लागणारा ड्रायव्हर दोन संगणकांत नव्हताच. खिडकीवरच्या मुलीला पडद्यावर इंग्रजीत लांबलचक ओळ दिसे आणि ती म्हणे, “मॅडम, आज सर्व्हर बंद आहे.” सर्व्हर मुळीच बंद नव्हता. शेवटी सातही संगणकांवर एकाच मापाचे ऑफिस बसवले आणि ड्रायव्हर कोठे आहे, कोठे नाही, याचा तक्ता करून भिंतीला लावला.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि ही फार घातक. परीक्षा विभागाच्या संगणकात तारखेची पद्धत अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. तेथे ५ मार्च भरली तर ३ मे होऊन बसे. पण २५ मार्च भरली तर ती बरोबर पडे, कारण पंचविसावा महिना नसतो. त्यामुळे चूक चटकन ध्यानात येत नाही. अर्ध्या तारखा बरोबर दिसतात म्हणून माणूस सगळ्यांवर विश्वास ठेवतो.

तारखेचा आणखी एक प्रकार जुन्या प्रोग्रामकडून आला. त्यात साल दोन आकड्यांत भरायचे, आणि मागचे १९ प्रोग्राम स्वतः धरायचा. १८९८ साली जन्मलेल्या मुलाचे साल ९८ असे भरले की तो १९९८ समजे. काळ्या पडद्यावर ९८ एवढेच दिसे, म्हणून पंचवीस वर्षे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. नव्या पडद्यावर चारही आकडे आले आणि १९०५ साली शाळेत दाखल झालेला मुलगा १९९८ साली जन्मलेला दिसू लागला. मी त्या तरुणाला म्हटले, दाखल झाल्याच्या तारखेनंतर जन्मलेले जितके असतील तितके सगळे वेगळे काढ. ती यादी रजिस्टराशी ताडून एकेक साल नीट केले.

चौथी गोष्ट. प्रोग्राममध्ये सुधारणा झाली की तो तरुण पेनड्राईव्ह घेऊन टेबलाटेबलाने फिरायचा. एखादा लिपिक रजेवर असला, त्याचा संगणक बंद असला, की ते टेबल राहून जायचे. सहा टेबलांवर नवी प्रत आणि एकावर जुनी. त्या एका टेबलावरून जुन्या नमुन्यातले दाखले निघत राहिले. मग अशी सोय केली की सकाळी प्रोग्राम उघडताना तो आधी सर्व्हरवरच्या प्रतीचा क्रमांक पाहील, आपला क्रमांक जुना असेल तर नवी प्रत स्वतः उतरवून घेईल आणि मगच उघडेल. क्रमांक पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. आता माणसे फोनवर पहिला प्रश्न विचारतात, “तुमच्या कोपऱ्यात कितवा नंबर आहे?”

एका घराचे चार शब्द

हे सगळे चालू असताना २०२३ च्या जूनमध्ये अचलपूरजवळच्या एका खेड्यातून सत्तरी ओलांडलेले एक बाबा आले. नातवाला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता, पडताळणीसाठी वडिलांचा उतारा हवा होता. वडील १९३८ साली आमच्या शाळेत दोन वर्षे होते. आडनाव वऱ्हाडे. खिडकीवरच्या मुलीने नाव टाकले. नोंद नाही. पुन्हा टाकले. नोंद नाही. बाबा खिडकीशीच उभे राहिले. ते काकुळतीने म्हणाले, “बाई, माह्या बापानं सांगतलं होतं, याच शाळेत होतो म्हणून. तो खोटं काहून सांगन?”

मी आतून ऐकले. माझ्या टेबलावर नाव टाकले आणि नोंद मिळाली. एकच साठा, एकच प्रोग्राम, मग एका टेबलावर माणूस सापडतो आणि दुसऱ्यावर नाही, हे कसे?

कारण त्या ‘ऱ्ह’ मध्ये होते. वऱ्हाड, वऱ्हाडे, चऱ्हाटे या नावांतला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्याच्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे. आणि साध्या र चा पाय मोडून त्याला एक न दिसणारे जोडचिन्ह लावूनही तोच आकार उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. खिडकीवरच्या कळफलकाची पद्धत एक आणि माझी दुसरी होती. नोंदी नव्या संकेतात नेताना काही ठिकाणी तर हा ऱ पार गळून साधा रफार झाला होता. म्हणजे तीन तऱ्हा. ज्या भागाचे नावच वऱ्हाड, तेथे हा घोळ कितीजणांना ‘नोंद नाही’ म्हणून परत पाठवेल याची कल्पना करा. नंतर सगळीकडे एकच रूप ठरवले, सातही संगणकांवर एकच कळफलक बसवला, आणि शोधताना तिन्ही रूपे तपासली जातील अशी तजवीज करून घेतली.

पण बाबांची नोंद पडद्यावर आली तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली. मी सहज त्या घराच्या सगळ्या नोंदी काढल्या. बाबांच्या वडिलांची १९३८ ची, स्वतः बाबांची १९५८ ची, त्यांच्या मुलाची १९८६ ची आणि नातवाची अलीकडची. रजिस्टरात जातीच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘महार’ होते, दुसऱ्या ओळीला ‘बौद्ध’, तिसऱ्या ओळीला ‘नवबौद्ध’, आणि चौथ्या ओळीला धर्म बौद्ध व प्रवर्ग अनुसूचित जाती. एकाच घराच्या चार पिढ्या आणि चार शब्द. ज्याला आपला इतिहास ठाऊक आहे त्याला यात काही गूढ नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि लोकांनी शाळेत मुलांची नावे घालताना अभिमानाने ‘बौद्ध’ सांगितले. अनुसूचित जातींच्या आदेशात मात्र तेव्हा हिंदू आणि शीख एवढेच होते. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या म्हणून तो शब्द रजिस्टरांत आला. केंद्राने १९९० साली आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. चौतीस वर्षांचा हा सगळा प्रवास त्या रकान्यातल्या चार शब्दांत आहे.

नव्या प्रोग्रामला हे काही ठाऊक नव्हते. त्यात जातीसाठी एक ठरावीक यादी होती. यादीतला शब्द असेल तर ठीक, नसेल तर ‘इतर’. नोंदी नेताना १९५८ चे ‘बौद्ध’ आणि १९८६ चे ‘नवबौद्ध’ या दोन्हींचे ‘इतर’ झाले होते. आणि धर्माचा रकाना जुन्या प्रोग्राममध्ये नव्हता, म्हणून तो भरायला प्रोग्रामने सरसकट ‘हिंदू’ घातले होते. कोणी मुद्दाम केले नव्हते. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपले घर नव्हते, इतकेच. पण परिणाम काय? माणसाने स्वतः निवडलेला धर्म एका रात्रीत पुसला गेला, आणि पुरावा म्हणून उभी असलेली साखळी मधल्या दोन कड्यांत तुटली. पडताळणी समितीपुढे असे उतारे गेले असते तर वडील महार, मुलगा इतर, नातू इतर, असा अर्थ निघाला असता.

कंपनीच्या तरुणाने सुचवले की ‘बौद्ध’ असेल तेथे सरळ ‘महार’ करून टाकू. मी ठाम नकार दिला. जनरल रजिस्टरातली जात आणि जन्मतारीख शाळेला आपल्या मर्जीने बदलता येत नाही, त्याला शिक्षण खात्याची परवानगी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने ‘बौद्ध’ लिहवून घेतले त्याचा तो शब्द पुसण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? शेवटी असे ठरले की ‘मूळ नोंद’ नावाचा वेगळा रकाना करायचा, त्यात रजिस्टरात जे आहे ते काना-मात्रेसकट तसेच ठेवायचे, आणि तो कोणत्याही टेबलावरून बदलता येणार नाही. प्रवर्ग वगैरे हिशेबासाठी लागणारे शब्द दुसऱ्या रकान्यात. उतारा निघेल तो मूळ नोंदीवरूनच. खिडकीवरच्या संगणकांना फक्त पाहण्याचा व छापण्याचा अधिकार. आणि कोणी कोठे दुरुस्ती केली तर त्याचे नाव, तारीख आणि आधीचा मजकूर कायम राहील.

बाबांना त्याच दिवशी मूळ रजिस्टरावरून उतारा हाताने लिहून, शिक्का मारून दिला. त्यांनी तो घडी न करता पोथीसारखा दोन्ही हातांवर धरून नेला.

चावडी वाचन

एका घराचे झाले, बाकीच्यांचे काय? येथे मला सातबाऱ्याचा अनुभव उपयोगी पडला. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळत नाहीत अशा तक्रारी आल्या तेव्हा २०१७ साली राज्यात गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठ्याने सगळ्यांसमोर सातबारे वाचायचे आणि खातेदाराने चूक सांगायची. तेच आम्ही शाळेत केले. दिवाळीच्या सुटीत दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने रजिस्टर मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे. आधी १९५० पूर्वीच्या नोंदी, मग १९५६ ते १९९० मधल्या, मग बाकीच्या. संगणकाचे काम संगणकाने तपासावे असे त्या तरुणाचे म्हणणे होते. त्याचे काही काम संगणकाने केलेच. पण रजिस्टरातला ‘नवबौद्ध’ पडद्यावर ‘इतर’ झाला आहे हे वाचणाऱ्या माणसाच्याच कानाला खटकते.

वाचताना कितीतरी माणसे भेटली. एका पानावर दहा नावे आणि त्यांतल्या नवांपुढे ‘गैरहजर, नाव कमी केले’. पऱ्हाटी वेचायच्या दिवसांत मुले शाळेत येत नसत. तरीही त्या मुलांचे आईबाप एकदा तरी त्यांना घेऊन शाळेच्या दारात आले होते, आणि कोणा मास्तराने ओळ लिहिली होती. आज तीच ओळ पणतवाला कामाला येते.

डिसेंबरात सातही टेबलांवर एकाच क्रमांकाची प्रत आली. त्या दिवशी मी प्रत्येक टेबलावर जाऊन तीच दहा नावे शोधली. सातही ठिकाणी तीच दहा माणसे, त्याच तारखा आणि तेच शब्द दिसले. काम झाले असे मी तेव्हा म्हटले आणि कंपनीच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही झाली.

हे काम एकदा करून संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि आता पुन्हा संगणक बदलण्याची वेळ आली आहे. दर दहा-पंधरा वर्षांनी नोंदींना नव्या डब्यात चढावे लागणार. प्रत्येक वेळी फलाटावर जागा माणूस लागणार. आणि मूळ रजिस्टर कधीही रद्दीत जाता कामा नये. संगणक ही त्याची सोयीची नक्कल आहे.

आपण काय करावे

वाचक बंधू-भगिनींना माझी काही साधी विनंती आहे. घरात कोणाला दाखल्याची गरज पडण्याची वाट पाहू नका. जून-जुलैत सगळ्यांची गर्दी असते. दिवाळीनंतर सवडीने शाळेत जा आणि आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा प्रमाणित उतारा काढून ठेवा. घरातले वडीलधारे हयात आहेत तोवर कोण कोणत्या गावच्या शाळेत गेले हे त्यांच्याकडून लिहून घ्या, कारण शाळेचे नावच माहीत नसेल तर शोध सुरूच होत नाही. आजीच्या माहेरच्या शाळेचेही लिहून ठेवा. पुरावा वडिलांच्या बाजूचा लागतो, पण तिच्या भावांच्या नातवंडांना तिच्याकडूनच कळेल. उतारा मिळाला की नाव, जन्मतारीख आणि जातीचा शब्द तेथेच उभे राहून वाचा. खिडकीवर ‘नोंद नाही’ असे सांगितले तर लगेच परत फिरू नका. मूळ रजिस्टर पाहावे असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरी विनंती तरुणांना. आपली मुले-मुली आज मोठ्या संख्येने संगणक शिकतात, पुण्याला नोकरीला जातात, याचा आनंदच आहे. पण गावातल्या पतसंस्थेचा, शाळेचा, ग्रामपंचायतीचा जुना प्रोग्राम बदलत असेल तेव्हा सुटीवर आलेल्या मुलाने दोन तास तेथे जाऊन बसावे. रकाने कोणते आहेत, यादीत कोणते शब्द आहेत, ‘इतर’ मध्ये कोण पडते आहे, एवढे तीन प्रश्न विचारावे. यादी करणाऱ्या टेबलापाशी आपला माणूस बसलेला असेल तर पुष्कळ गोष्टी मुळातच बिघडत नाहीत.

त्या बाबांचा नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या उन्हाळ्यात तो कार्यालयात आला होता. त्याला मी आमचा प्रोग्राम दाखवला. त्याने पणजोबांचे नाव स्वतः टाईप केले आणि नोंद आली. त्याने ती वाचली, मग खालच्या तीन ओळीही वाचल्या, आणि मला विचारले, “मॅडम, हा मूळ नोंदीचा रकाना कोणाला बदलता येतो?” मी म्हटले, “कोणालाच नाही.” तो म्हणाला, “मग बरोबर आहे.”